पाच दारांचा एक हिरवा

२ मार्च

तीर्थरूप ताईस,

पाच घरांच्या, पाच जिन्यांच्या आणि एका न लागणाऱ्या खिडकीच्या सर्वाधिकाऱ्याचा सविनय प्रणाम.

तुझ्या पत्रात एकच वाक्य होते : "तीन नंबर गेलं का भाड्याने?" मी ते शांत चित्ताने वाचले. मग चहा करून पुन्हा वाचले. दुसऱ्या वाचनातही अर्थ तोच निघाला, तेव्हा उत्तर देणे प्राप्त आहे. नाही. गेले नाही.

परंतु यास माझी अकर्मण्यता कारण मानू नकोस. तू लेक-जावयाकडे राहायला गेल्यापासून तुझे ते राहते घर सुयोग्य हाती सोपवावे म्हणून मी अहोरात्र झटत आहे. गेल्या पंधरवड्यातच तीन उमेदवार येऊन गेले. पहिल्या गृहस्थांनी प्रत्येक भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिले, जणू कलिंगड घेत आहेत. दुसऱ्या दांपत्यातील बाई जेवणाच्या खोलीत उभ्या राहून उद्गारल्या, "ही भिंत पाडून टाकली तर?" ताई, आपली गल्ली कोणती, तिचा लौकिक कोणता! येथे एक वीट हलवायची तर वारसा-संवर्धन समितीची अनुमती लागते. येथे धनाढ्य लोक गळके छप्परसुद्धा केवळ पुरातन आहे म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. येथे भिंत पाडण्याची भाषा! मी त्यांना दार दाखवले. तिसरे गृहस्थ सर्वार्थाने योग्य होते, पण त्यांनी दाराची पितळी कडी न वाजवता फळीवर थाप मारली. अशा माणसाच्या हाती घर देववेना.

आता एक गंभीर तक्रार. चार नंबरच्या दंतवैद्य बाईंनी मला जगणे नकोसे केले आहे. खाली त्यांचा दवाखाना, वर बिऱ्हाड, आणि दोन्हींच्या मधोमध मी. सोमवारी नळ गळतो, मंगळवारी खिडकी अडकते, गुरुवारी पुन्हा तोच नळ. बुधवारी काहीच निरोप आला नाही, तेव्हा मी स्वतःच जाऊन चौकशी केली. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मी वाकून नळाचे वायसर बसवत असता त्या म्हणतात, "अहो सर्वाधिकारी, तुम्ही ओठ मिटून का बोलता?" आता त्यांना काय सांगू? डाव्या बाजूची खालची दाढ गेले वर्षभर माझ्याशी असहकार करीत आहे आणि दंतवैद्यासमोर तोंड उघडण्यापेक्षा मी मौनव्रत पत्करीन, हे? वर चहा देतात तोही बिनसाखरेचा, व्यावसायिक तत्त्व म्हणून. बाई हसतात तेव्हा अवघी बत्तिशी दिसते आणि ती बत्तिशी अशी काही... असो. तिचा घरांच्या कारभाराशी संबंध नाही.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा (सर्वाधिकारी)


९ मार्च

धाकट्या,

तीन नंबर नाही गेलं, हे एका शब्दात कळवलं असतंस तरी चाललं असतं. घरावर जेवढं लिहिलंस तेवढंच दंतवैद्य बाईंवर लिहिलंयस. तक्रार आहे म्हणतोस. बरं.

आता माझं ऐक. जावईबापूंनी मालमत्ता सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला घरी बोलावलं होतं. फार गोड बोलतो. त्याच्या हातातल्या त्या काचेच्या पाटीवर आपली पाचही घरं वरून दिसत होती, मुंग्यांच्या वारुळासारखी. जावईबापू म्हणाले, "आई, मामांचं वय झालं, आता हे शास्त्रशुद्ध व्हायला हवं." मी हो म्हणून बसले. एप्रिल संपायच्या आत तीन नंबरात भाडेकरू आला नाही, तर पाचही घरं त्यांच्याकडे. आणि त्यांचा माणूस बसणार एक नंबरच्या तळमजल्यावर, म्हणजे तुझ्या दोन खोल्यांत. तू कुठे जाशील याचा मी विचार केला नाही असं समजू नकोस. केला. पण तीन नंबर रिकामं पडलेलं मला बघवत नाही, इथून दिसत नसलं तरी.

इथे सगळं छान. बाविसावा मजला, वारा भरपूर. लिफ्टमध्ये एका बाईचा आवाज आहे, ती प्रत्येक मजल्याचा आकडा सांगते. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त तीच बोलते. गंमत म्हणून लिहिलं.

ताई


१६ मार्च

तीर्थरूप ताईस,

तुझे पत्र वाचून सर्वाधिकाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. वय झाले म्हणे! जावईबापूंस माझा आशीर्वाद कळव आणि सांग की किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून पाच जिने दिवसातून दोनदा चढून दाखवावेत. मग शास्त्राची शुद्धाशुद्धता पाहू.

तथापि भयाने मनुष्य कार्यप्रवण होतो. मी उमेदवार शोधला. शोधला म्हणण्यापेक्षा तो दारात उभा होता आणि प्रथमच मी त्यात खोट काढली नाही. वेधशाळेतल्या एक प्राध्यापिका आहेत. सामान म्हणजे तीन पेट्या आणि एक दुर्बीण. त्यांनी कडी वाजवली, तीही अशी हळुवार की मला वाटले, वाऱ्याने हलली. संपूर्ण घर पाहून एकच प्रश्न विचारला, "माळ्यावरची खिडकी उत्तरेकडे उघडते ना?" ताई, तीच आपली न लागणारी खिडकी! ती उघडीच असते! आयुष्यात प्रथमच एका दोषाने माझी मान उंचावली.

बाई पंधरा एप्रिलला राहायला येईन म्हणतात. कंपनीच्या माणसाला सांग, पाटी मिटून ठेव.

जाता जाता : चार नंबरचा नळ आता पूर्णपणे बरा झाला आहे. हे कळताच दंतवैद्य बाईंनी जिन्याच्या कठड्याविषयी तक्रार केली. कठडा ठणठणीत आहे. मी तसे सांगितले, तर म्हणाल्या, "मग उद्या पुन्हा येऊन बघा, उद्या हलेल." या बाईच्या तर्कपद्धतीपुढे मी हतबुद्ध आहे.

धाकटा


२१ मार्च

धाकट्या,

प्राध्यापिका बाई आवडल्या. त्यांना सांग, माळ्यावर उन्हाळ्यात गरम होतं, पण संध्याकाळी तिथून सगळी गल्ली दिसते. मी तिथूनच भाजीवाल्याला हाक मारायची.

कठड्याचं तुला कळलं नाही? खरंच नाही? तुझ्या एवढ्या मोठमोठ्या शब्दांत एवढासा शब्द कसा सापडत नाही रे तुला? जाऊ दे. कठडा बघायला जात राहा.

एक विचारू? दोन वर्षांत तू तीन नंबरासाठी इतकी माणसं घालवलीस. एकाची चाल आवडली नाही, एकाचे बूट. माझ्यासाठी राखून ठेवत होतास की काय ते घर? मी येणार नाही रे. एवढ्या मोठ्या घरात एकटीनं आता मला करमायचं नाही. दे ते.

ताई


३० मार्च

तीर्थरूप ताईस,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर योग्य वेळी देण्यात येईल. तूर्त आकाश कोसळले आहे.

झाले ते असे. प्राध्यापिका बाई माळ्याचे माप घ्यायला आल्या. पायऱ्यांवर उभ्या राहून त्यांनी आपल्या घरांच्या रांगेकडे पाहिले आणि निरागसपणे म्हणाल्या, "किती सुंदर! पाच दारांना पाच वेगवेगळे हिरवे रंग दिलेत तुम्ही." दुर्दैव पाहा. नेमके त्याच क्षणी समितीचे अध्यक्ष समोरच्या आपल्या घरातून छत्री घेऊन बाहेर पडत होते. तुला आठवतातच ते. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री आहेच, कारण दोष दाखवायला बोट पुरत नाही. ते थबकले. छत्रीचे टोक एक नंबरच्या दाराकडे गेले, तेथून दोन नंबर, तेथून तीन. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. गृहस्थ पन्नास वर्षे या दारांसमोरून जात आहेत आणि आज प्रथमच त्यांना ती दिसली.

"शतकापूर्वी या गल्लीला एकच रंग होता!" ते गरजले. "एकच हिरवा! हे काय आहे? हा शेवाळी, हा पोपटी, आणि हा... हा तर काकडी आहे!"

तिसऱ्या दिवशी समितीचा आदेश आला. तीन नंबरच्या दारास मूळ रंग लागल्याविना त्या घरात नव्या भाडेकरूस प्रवेश नाही. मूळ रंग कोणता, तो कोठे मिळेल, याविषयी समिती मौन पाळते. मी अध्यक्षांना विनम्रपणे विचारले, तर छत्री आपटून म्हणाले, "मूळ म्हणजे मूळ! त्यात काय सांगायचं?"

ताई, आजपर्यंत आपण काय करीत आलो, तुला ठाऊक आहे. एक नंबरचे दार रंगवायचे झाले की दोन नंबरच्या दाराची खपली काढून रंगवाल्याकडे न्यायची, "अगदी असाच द्या." दोनसाठी तीनची खपली, तीनसाठी चारची, चारसाठी पाचची. आणि पाचसाठी? एकची. वर्षानुवर्षे पाच दारे एकमेकांकडे बोट दाखवत गोल फिरत आहेत, आणि रंगवाला दर वेळी किंचित फिका देतो, कारण त्याच्या मते 'वाळल्यावर गडद होतो'. या चक्राचा आरंभ ब्रह्मदेवासही सापडणार नाही.

प्राध्यापिका बाई एप्रिलअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यापुढे त्यांना वेधशाळेच्या वसतिगृहात जावे लागेल. आणि मला कोठे जावे लागेल ते तू जाणतेस.

हताश,
धाकटा


५ एप्रिल

धाकट्या,

काकडी वाचून मी इतकी हसले की लेक धावत आली, आईला काय झालं म्हणून. कंपनीवाल्याचा फोन आला होता, मी बाथरूममध्ये आहे असं सांगायला लावलं.

तीस वर्षं त्या दाराला टेकून मी सगळ्या गल्लीशी गप्पा मारल्या, पण रंग विचारशील तर डोळ्यांपुढे येत नाही. टेकायची तेव्हा पाठ दाराकडे, तोंड गल्लीकडे. कडी मात्र आठवते. रंगाऱ्याला मी कडीला हात लावू द्यायची नाही. एकदा काढली की परत सरळ बसत नाही असं आमच्या सासूबाई सांगायच्या, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. "कडीभोवतीनं रंगव बाबा," एवढंच मी म्हणायची. याचा तुला काही उपयोग नाही, उगीच आठवलं.

घाबरू नकोस. दंतवैद्य बाईंना सांगितलंस का हे सगळं? मला नको, त्यांना सांग.

ताई


११ एप्रिल

तीर्थरूप ताईस,

सांगितले. सांगावेच लागले, कारण मी कठड्याच्या तपासणीस गेलो आणि न बोलता परत निघालो. बाई म्हणाल्या, "थांबा. तुम्ही आज एकही समास वापरला नाहीत. कोण गेलं?"

मी सर्व वृत्तांत निवेदन केला. बाईंनी खणातून एक पट्टी काढली आणि मी दोन पावले मागे सरकलो, कारण त्या पट्टीवर ओळीने दात लावलेले असतात. कृत्रिम दात बसवताना शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळावा म्हणून त्या एकेक छटा रुग्णाच्या ओठाशी धरून पाहतात. त्या पट्टी घेऊन पायऱ्या उतरल्या. सकाळची वेळ, सगळी गल्ली खिडक्यांत, आणि एक प्रतिष्ठित महिला पाचही दारांना दात लावून बघते आहे! एकेका दारापुढे डोळे बारीक करून उभी राहते आहे. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची पाच दारं पाच वेगळ्या माणसांच्या तोंडातली आहेत. एकही अस्सल नाही."

"हे अध्यक्षांनी आधीच छत्रीने सांगितले," मी खिन्नपणे म्हणालो.

मग मी तुझे पत्र वाचून दाखवले. (सगळे नाही. दंतवैद्य बाईंचा उल्लेख आला तेथे मी खोकलो. अनेकदा खोकलो. त्यांनी मला पाणी आणून दिले.) कडीचा मजकूर येताच त्या ताडकन उठल्या.

"अहो, मग आहे की अस्सल! कुणी कधी काढलीच नाही ना ती कडी? दाताचा खरा रंग बघायचा तर वरची टोपी काढावी लागते. टोपीखाली काही घासलेलं नसतं, काही डागळलेलं नसतं. कडीखालची ती पितळी तबकडी काढा, तिच्याखाली पहिल्या दिवसाचा रंग असेल!"

ताई, मी या बाईंची दोन वर्षे तक्रार करीत आलो. ती सर्व तक्रार मी या पत्राने मागे घेतो. कठडासुद्धा.

येत्या रविवारी, समितीसमक्ष, कडी उघडणार.

धाकटा


१४ एप्रिल

धाकट्या,

सासूबाई असत्या तर तुझा कान पिरगळला असता. काढ. आणि परत सरळ बसव.

रविवारी काय झालं ते लगेच लिही. मी जिना उतरून पत्रपेटी बघायला जाते हल्ली, लिफ्टने नाही. लिफ्टमधल्या बाईला राग आला असेल.

ताई


२० एप्रिल

ताई! ताई!

तीर्थरूप वगैरे पुढच्या पत्रात.

रविवारी सकाळी अख्खी समिती आपल्या पायऱ्यांपुढे जमली. अध्यक्ष मध्यभागी, छत्री उगारलेली. शेजारी अध्यक्षीणबाई, ज्या एरवी कुठल्याच सभेत बोलत नाहीत असे ऐकून होतो. प्राध्यापिका बाई तीन पेट्यांसह. मी, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, चेहऱ्यावर शल्यविशारदाची गंभीरता धारण करून. आणि दंतवैद्य बाई, त्यांचा तो छोटा गोल आरसा आणि खरवडायचे नाजूक हत्यार घेऊन. ते हत्यार पाहताच माझ्या दाढेने तोंडातल्या तोंडात आत्मसमर्पण केले.

कडी काढण्यापूर्वी अध्यक्षांनी भाषण केले. तुला म्हणून सांगतो, असे भाषण मीसुद्धा केले नसते. "जो रंग निघेल तोच मूळ रंग!" ते म्हणाले. "आणि मूळ रंग हाच या गल्लीचा धर्म. केवळ तीन नंबरच नव्हे, सर्व दारांना तोच! माझ्या दारासह! नियमाला अपवाद नाही!" टाळ्या पडल्या. मी सर्वांत मोठ्याने वाजवल्या.

स्क्रू फिरेनात. तेल घातले. फिरले. तबकडी निघाली. खाली थर : हिरवा, हिरवा, आणखी हिरवा. कडेने आत झिरपलेला रंग तो. बाईंनी हत्याराने अलगद खरवडले. एक पापुद्रा, दुसरा पापुद्रा. "अजून जरा," त्या पुटपुटत होत्या, "दुखलं तर सांगा." हे त्या दाराला म्हणाल्या की मला, ते कळले नाही. मग थांबल्या. आरसा धरला. मागे सरकल्या.

ताई, गुलाबी!

मिळमिळीत गुलाबी नव्हे. बायका ज्याला राणी रंग म्हणतात तो, टळटळीत, बेदरकार, शिट्टी वाजवणारा गुलाबी! शतकभर अंधारात राहून जणू कालच डबा उघडला असा. या सुसंस्कृत, गंभीर, हळू आवाजात बोलणाऱ्या गल्लीचा मूळ पुरुष असा रंगेल होता!

अध्यक्षांची छत्री हळूहळू खाली आली. "हे... हे अस्तर असणार," ते म्हणाले. "खालचा प्रायमर."

"असेल," दंतवैद्य बाई गोड आवाजात म्हणाल्या. "आपण तुमच्या दाराची कडी काढून बघू या का?"

"काही गरज नाही!"

"आहे की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. ताई, हे त्यांचे पहिले जाहीर वाक्य. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते हिरवं दार बघतेय. काढा हो सर्वाधिकारी, मी स्टूल देते."

काढली. गुलाबी. पलीकडच्या सात नंबरवाल्यांनी स्वतःहून आपली काढली. गुलाबी! मग काय सांगू, जो तो स्क्रूड्रायव्हर शोधत धावला. गल्लीत कड्यांचा खणखणाट, आणि प्रत्येक पायरीवरून आरोळी, "आमचाही! आमचाही!" ज्या लोकांनी मला दहा वर्षांत 'नमस्कार' याखेरीज काही म्हटले नाही, ते मला मिठ्या मारीत होते. मीही तोंड उघडून हसलो. पूर्ण, दाढेसकट.

दंतवैद्य बाईंनी ते पाहिले. "उद्या सकाळी," त्या म्हणाल्या, "दवाखान्यात. टाळाटाळ चालणार नाही."

प्रार्थना कर.

धाकटा


२५ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. लेक हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. जावईबापूसुद्धा हसले आणि मग आठवल्यासारखे पानात बघायला लागले. कंपनीचा माणूस समोरच बसला होता. मी त्याला म्हटलं, तुमच्या त्या पाटीवर दारं कुठल्या रंगाची दिसतात हो? तो म्हणाला, वरून दारं दिसत नाहीत.

झालं मग. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दाढेचं काय झालं?

ताई


२ मे

तीर्थरूप ताईस, सकल दारांच्या मूळ रंगाचा साष्टांग प्रणाम.

यथाक्रम निवेदन करतो.

प्रथम, तीन नंबर. दार राणी रंगात न्हाऊन निघाले, समितीने तोंड वाकडे करून संमती दिली, आणि एप्रिल संपण्यापूर्वी प्राध्यापिका बाई दुर्बिणीसह स्थानापन्न झाल्या. कडी पुन्हा बसवली. सासूबाईंचे खरे होते. किंचित तिरपी बसली आहे. बाई म्हणतात, पृथ्वीही तिरपीच आहे.

द्वितीय, रंगाचा नमुना. पुन्हा खपल्यांचे चक्र सुरू होऊ नये म्हणून दंतवैद्य बाईंनी त्या गुलाबीशी तंतोतंत जुळणारा एक दात भट्टीत भाजून घेतला आहे. तो समितीच्या कार्यालयात काचेखाली विराजमान आहे. गल्लीत ज्याला दार रंगवायचे असेल त्याने त्या दाताचे दर्शन घेऊन जावे, असा ठराव झाला. ठराव अध्यक्षीणबाईंनी मांडला. त्या हल्ली सभेत बोलतात. अध्यक्ष छत्री घरी ठेवून येतात.

तृतीय, माझी दाढ. खुर्चीत बसलो. दिवा डोळ्यांवर, तोंडात कापूस, आरसा, नळी आणि आणखी दोन वस्तू ज्यांची नावे मला कळू नयेत अशीच माझी इच्छा आहे. बाई काम करता करता सहज बोलू लागल्या.

"खरं सांगू? तो कठडा कधीच हलत नव्हता."

मी डोळ्यांनी आश्चर्य व्यक्त केले.

"आणि नळ मीच सैल करायची. दुसऱ्यांदा तरी."

मी भुवयांनी आश्चर्य व्यक्त केले.

"वर तीन खोल्या आहेत, एकटीला जास्त होतात. तुमच्या तळमजल्यावर ओल आहे, ती दाढांना बरी नाही. तेव्हा वर राहायला येता का? म्हणजे रीतसर. लग्न करून. बोला."

ताई, जन्मभर मी शब्द जमवले. समास, अलंकार, उपमा, सगळे या एका दिवसासाठी कोठारात भरून ठेवल्यासारखे होते. आणि नेमक्या त्या क्षणी तोंडात कापूस! मी मान हलवू पाहिली, तर बाई ओरडल्या, "हलू नका, हत्यार आहे आत!" अखेर माझ्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे भाषण मी एका स्वरात उरकले. "आं."

बाई म्हणाल्या, "छान. चूळ भरा."

सबब चतुर्थ आणि अखेरचे. तीन नंबर भरले, परंतु व्यवस्थापक या नात्याने खेदपूर्वक कळवणे भाग आहे की आपल्याकडे पुन्हा एक जागा रिकामी होत आहे. एक नंबर, तळमजला, दोन खोल्या. ओल काढून घेतली आहे. खिडकी गल्लीवर उघडते. उमेदवार ठाऊक असल्यास कळवावे.

धाकटा


७ मे

मा. सर्वाधिकारी यांस,

आपली जाहिरात वाचली. मी एक वृद्ध, एकटी, निर्व्यसनी स्त्री आहे. सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक आरामखुर्ची. भिंती पाडायचा विचार नाही. भिंतींवर टकटक करत नाही. थाप मारत नाही, कडी वाजवते.

बाविसाव्या मजल्यावरून गल्ली दिसत नाही. ढग दिसतात, पण त्यांच्याशी दाराला टेकून बोलता येत नाही. लेकीला सांगितलं. ती थोडी रडली, मग म्हणाली, "आई, दोन वर्षं तू हेच म्हणशील म्हणून वाट बघत होते." जावईबापूंनीच गाडीचं तिकीट काढलं. वीस तारखेला सकाळी पोचते. लग्न त्याच्या आत उरकू नकोस, नाहीतर दोघांचे कान पिरगळीन. दंतवैद्य बाईंना सांग, साखरेचा चहा मी माझा मी करून घेईन.

तीन नंबर तू कुणासाठी राखून ठेवलं होतंस, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

एक अर्जदार


११ मे

अर्जदार बाईंस,

आपला अर्ज पोचला. या कचेरीची छाननी किती कठोर आहे याची आपणास कल्पना असेलच. आजवर बुटांवरून, चालीवरून, टकटकीवरून मी अनेकांना परत पाठवले आहे. आपल्या चारित्र्याविषयी मी स्वतः चौकशी केली. कळते की अर्जदार बाई धाकट्या भावाचे कान पिरगळतात, लिफ्टमधल्या बाईशी भांडतात, आणि माळ्यावरून भाजीवाल्याला हाका मारून गल्लीची शांतता भंग करतात. अशा भाडेकरूस कोणताही विचारी व्यवस्थापक जागा देणार नाही.

म्हणून मी दिली.

राखून ठेवण्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आपण दारात पाऊल ठेवाल तेव्हा मिळेल. लग्न एकवीस तारखेला. होणाऱ्या वहिनींनी आपल्यासाठी साखरेचा डबा आणून ठेवला आहे, तत्त्वाला मुरड घालून.

एक सूचना. एक नंबरचे दार एकोणीस तारखेस रंगवले जाईल, म्हणजे आपण पोचाल तेव्हा रंग ओला असेल. कृपया दाराला टेकू नये.

तू टेकशीलच. टेक.

धाकटा